प्रसेनजीत कोण हाय

“प्रसेनजीत… प्रसेनजीत कोण हाय? चला, उतरा बिगीबिगी!”

कंडक्टर मागच्या दारातून ओरडला आणि अक्षताच्या हातातली पाण्याची बाटली निसटली. सीटखालून गडगडत ती कुणाच्या तरी पायाशी जाऊन थांबली, पण अक्षता वाकली नाही. तिला वाटलं, भास झाला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पोलीस ग्राउंडवर उन्हात बसून डोकं चढलं होतं, कानात अजून ते बिगूल वाजत होतं. होतं असं कधी कधी. पण पुढच्या सीटवरचा एक कॉलेजचा पोरगा उठला, दळणाचा डबा मांडीवर घेतलेली एक बाई उठली, आणि कंडक्टरनं घंटी मारत ड्रायव्हरला सांगितलं, “थांबीव रं, दोन प्रसेनजीत हैत.” दोन प्रसेनजीत. तिच्या तोंडात जीभ लाकडासारखी झाली. ती कधी उठली, दांड्याला धरून दारापर्यंत कशी आली, तिचं तिला कळलं नाही. “ओ ताई, तुमचं तिकीट कळंब्याचं हाय की,” कंडक्टर म्हणाला. “उतरायचंय. हितंच,” ती म्हणाली. “मग आदी बोलायचं न्हवं? थांब रं, तीन प्रसेनजीत!”

बस गेली. धूर बसला. ती रस्त्याच्या कडेला पर्स आणि फायलींची पिशवी छातीशी धरून उभी राहिली आणि समोर पाहायचं सोडून आपल्या चपलांकडे पाहत राहिली. बसनं या रस्त्यानं यायचंच नव्हतं. शहरातला नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी उकरून ठेवलेला, म्हणून कळंब्याच्या गाड्या रिंगरोडनं वळवलेल्या. तिच्या पाटबंधारे ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिला नव्हतं, कारण तिला कळंब्याला कधी जावं लागत नव्हतं. आज साहेब म्हणाले होते, कार्यक्रम झाला की तिकडच्या ऑफिसात तेवढ्या फायली पोचवा आणि घरी जा, आजच्या दिवशी नका थांबू. त्यांनी ते मायेनंच सांगितलं होतं. आणि त्या मायेनं तिला नेमकं इथं आणून सोडलं होतं, ज्या नाक्यावर पाय ठेवायला लागू नये म्हणून इतकी वर्षं ती शहराच्या या अंगालाच फिरकली नव्हती. नातेवाइकाचं लग्न इकडच्या कार्यालयात असलं तर ती आजारी पडायची.

या नाक्यावर तिचा नवरा मेला होता. शहीद झाला, हुतात्मा झाला, कर्तव्य बजावताना वीरमरण आलं, हे शब्द नंतर लोकांनी आणून दिले. शालीबरोबर आले, श्रीफळाबरोबर आले, चांगल्या मनानंच आले. पण तिच्या डोक्यात त्या दिवसापासून शब्द एकच होता, मेला. पोलीस कॉन्स्टेबल प्रसेनजीत कृष्णात मधाळे. त्या दुपारी नाकाबंदी होती. गोव्याकडची चोरटी दारू भरून एक पिकअप येतंय अशी खबर होती. पिकअप लांबून दिसलं, हळू झालं, म्हणून तो हात वर करून बॅरिकेडच्या पुढं गेला, आणि हळू झालेलं पिकअप एकाएकी अंगावर आलं. त्याच्याबरोबर ड्युटीला असलेला विश्वजित दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्यासमोर हात जोडून उभा होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. “वहिनी, त्यो थांबतोय असं वाटलं हो. सगळ्यांस्नीच वाटलं.” पुढं तो ड्रायव्हर सापडला, केस उभी राहिली, वकील भेटायला आले. तिला त्यातलं काही धड आठवत नव्हतं. विश्वजितचं वाक्य मात्र तिच्या अंगात घुसून बसलं. भाजीवाला हसून बोलला, डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, ऑफिसात कुणी चांगलं वागलं, की ते वाक्य आतून वर यायचं. थांबतोय असं वाटलं.

तेव्हा हा नुसता टाकी नाका होता. पाण्याची टाकी, माणसं भरभरून नेणाऱ्या वडाप जीपांचा थांबा आणि पंक्चरचं एक दुकान. वर्षभरानं पाटीचा कार्यक्रम झाला तेव्हा तिला गाडीतून आणलं होतं. तिनं त्या वेळी नाका पाहिलाच नाही. तिला फक्त बूट दिसले होते, पॉलिश केलेले, रांगेत उभे असलेले. कुणीतरी तिच्या हातात दोरी दिली, ती ओढ म्हणाले, तिनं ओढली, टाळ्या झाल्या. ‘हुतात्मा प्रसेनजीत कृष्णात मधाळे चौक.’ त्या एवढ्या लांब नावातलं लोकांनी काय ठेवलं असेल, काय टाकलं असेल, हा विचारच तिला कधी शिवला नव्हता. तिला वाटत होतं, ती पाटी तिथं असेल, ऊनपाणी खात, आणि लोक टाकी नाकाच म्हणत असतील. लोकांनी टाकी टाकून दिली होती, हुतात्मा टाकून दिला होता, मधाळेही टाकून दिलं होतं, आणि ते एकटं नाव उचलून खिशात घातलं होतं, वापरायला.

तिनं मान वर केली. समोर ‘प्रसेनजीत झेरॉक्स’. त्याच्या शेजारी ‘प्रसेनजीत मोबाइल’. रस्त्याच्या पलीकडे लाल अक्षरांत ‘न्यू प्रसेनजीत चिकन सेंटर’, आणि त्या अक्षरांच्या खाली जाळीत दाटीनं कोंबलेल्या पांढऱ्या कोंबड्या, आणि ओंडक्यावर चाललेला सत्तूर. न्यू म्हणजे आधी एक जुनं होतं. एक प्रसेनजीत चिकन सेंटर चाललं, बंद पडलं, दुसरं निघालं, आणि या सगळ्या काळात ती मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत हे नाव कुणी उच्चारू नये म्हणून जीव मुठीत धरून बसली होती.  ती जवळच्या वड्याच्या गाड्यापाशी गेली आणि बाकाच्या कडेला टेकली.

“काय देऊ ताई? गरम हैत,” गाडेवाला म्हणाला. पन्नाशीचा, कपाळावर घामाचे थेंब, झारा कढईत. मघाचा कॉलेजचा पोरगा तिथंच वडा खात उभा होता आणि गाडेवाल्याला केरबामामा म्हणत होता.

“चहा,” ती म्हणाली. आणि मग, ठरवलेलं नसताना, “ह्या चौकाला प्रसेनजीत का म्हणतात हो?”

“नावच हाय की त्ये,” केरबा म्हणाला. “आमी गाडा लावला तवापास्नं प्रसेनजीतच. त्येच्या आदी टाकी नाका म्हणत हुते म्हणं.”

“पण कोण प्रसेनजीत?”

केरबानं झारा कढईच्या काठावर आपटला. “कोण की. राजा-बिजा असंल जुन्यातला. नावच राजाचं वाटतंय न्हवं?”

“पोलीस होता मामा,” पोरगा तोंडात घास ठेवूनच बोलला. “बोर्डावर लिवलंय तिकडं.”

“पोलीस? पोलिसाचं नाव कोण देतंय चौकाला?” केरबा हसला, त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “मारला असंल मग कुनीतरी.” त्यानं तिच्यापुढं कप ठेवला आणि नवा घाणा सोडला. पोराचा फोन वाजला. “हां, प्रसेनजीतवर हाय. ये की. न्हाय रं, चिकनम्होरं न्हाय, वड्याच्या गाड्यावर.”

मारला असंल मग कुनीतरी. चहाचा कप ओठांपर्यंत नेऊन तिनं तो तसाच खाली ठेवला. आज सकाळी ग्राउंडवर एवढ्या माणसांनी एवढ्या जपून बोललेल्या शब्दांतून जे तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, ते एका वडेवाल्यानं झारा हलवत सांगून टाकलं होतं. पोलीस स्मृतिदिनाला दरवर्षी ती जायची. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या घरच्यांसाठी असतात. त्या वर्षी देशभरात जे पोलीस गेले त्यांची नावं वाचतात, बंदुका उलट्या होतात, बिगूल वाजतं, हवेत फैरी झडतात आणि झाडांवरचे कावळे उठतात. पहिल्या वर्षी वाचणारा अधिकारी त्याच्या नावाशी अडखळला होता. प्रसन्नजीत म्हणाला, थांबला, आणि मग नीट म्हणाला. म्हणजे सरकारनं त्याचं नाव दीड वेळा घेतलं, असं तिच्या मनात आलं होतं. पुढच्या वर्षी दुसरी नावं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दुसरी. ती मात्र त्याच रांगेत, दरवर्षी एकेक खुर्ची कडेला सरकत. आज अगदी पहिल्या खुर्चीत एक नवी मुलगी होती, पंचविशीचीही नसेल, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसत होती, लग्नात पाहुण्यांना पाहून हसावं तशी. कुणी खांद्यावर हात ठेवला की हसायची, कुणी रडू लागलं की हसायची. अक्षताला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं होतं. पण जाऊन काय सांगायचं ते सुचलं नाही, आणि तेवढ्यात फैरी झडल्या.

सासूबाई कधी यायच्या नाहीत. मीनाबाई दरवर्षी गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, “तू जाऊन ये. माझ्यानं एवढं बसवत न्हाय.” अक्षता ते खरं धरायची. सासू-सुनेचं ते एक ठरून गेलेलं जगणं होतं. पोलीस लाईनीतली खोली सोडावी लागली, अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली, तिनं मंगळवार पेठेत घर घेतलं आणि नेसरीहून मीनाबाईला घेऊन आली. गारगोटीहून तिचा भाऊ दोनदा येऊन गेला, अजून वय आहे म्हणाला. मीनाबाईनंही एकदा सांगून पाहिलं, “माझ्यासाठी थांबू नगंस बाई.” अक्षता थांबली नव्हती, ती हललीच नव्हती. दोघी एका ताटातलं जेवल्यासारख्या राहायच्या, एकमेकींचं डोकं दुखलं तर उठून चेपायच्या, पण त्याच्याबद्दल बोलायच्या नाहीत. सुरुवातीला एकदा जेवताना मीनाबाई सहज म्हणाली होती, “प्रसेनजीतला कारलं लई आवडायचं,” आणि अक्षता ताटावरून उठून मोरीत जाऊन ओकली होती. मीनाबाई मोरीच्या दारात तांब्या घेऊन उभी होती. त्या दिवसानंतर ते नाव घरात आलं नाही. ‘त्येचा फोटो’ नाही, ‘त्येची पेन्शन’ नाही. फोटोला ‘आतला फोटो’ आणि पेन्शनला ‘बँकेतलं’. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावताना मीनाबाईचे ओठ हलायचे, पण ऐकू काही येत नसे.

तसं ते नाव कुणाच्याच तोंडी कधी पुरं बसलं नव्हतं. सासरे कृष्णात मधाळे नेसरीत प्राथमिक शिक्षक होते. बुद्धाच्या काळातल्या राजाचं नाव त्यांनी पोराला दिलं, आणि गावानं त्याचं परशा केलं. शाळेत जित्या, भरतीच्या ग्राउंडवर छातीवरचा नंबर, ठाण्यात मधाळे. अक्षता त्याला अहो म्हणायची. दोघंच असली तरी अहोच. तोच चिडवायचा, “नाव घे की एकदा. उखाण्यातबी गाळलंस.” ती म्हणायची, घेईन की, आयुष्य पडलंय. त्याला अख्ख्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे त्याची आई. नेसरीहून फोन आला की तो कानापासून लांब धरावा लागायचा, एवढ्या मोठ्यानं ती ओरडायची, प्रसेनजीत, जेवलास काय रं.

शिट्टी वाजली. चौकाच्या मधोमध ट्रॅफिकचा एक पोरगेला पोलीस उभा होता; इतका वेळ तो तिला दिसलाच नव्हता. टाकीच्या बाजूनं एक पिकअप येत होतं. पोलिसानं हात वर केला आणि दोन पावलं पुढं गेला. पिकअप हळू झालं. हळू झालं, आणि थांबतंय असं वाटलं. रस्ता, कोंबड्या, तेलाचा वास, सगळं एकदम लांब गेलं. तो वर केलेला हात तेवढा उरला, पंजा उघडा, मनगटावर बाहीची कड. तिला ते कधी दिसलं नव्हतं. तिला फक्त सांगण्यात आलं होतं. आणि आता ते तिच्यासमोर होत होतं, आणि वेळ होता, अजून वेळ होता.

“अहो!”

सगळा चौक वळला. केरबाचा झारा हवेत राहिला. पिकअप थांबलं होतं. त्यात फ्लॉवरचे गड्डे भरले होते. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून पाहिलं. पोलीस दोन गाड्यांच्या मधून तिच्याकडे आला; ओठांवर नुकती मिसरूड, छातीवर नावाची पट्टी. ती तिनं वाचली नाही.

“काय झालं म्याडम? काय चोरीला गेलं काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. आपण उभ्या आहोत आणि चहा साडीवर सांडला आहे, हे तिला आता दिसलं. “कुणीतरी ओळखीचं वाटलं.”

“बसा जरा. ऊन लई हाय.” तो परत रस्त्यात गेला.

ती बसली. तिनं दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले. इथंच कुठंतरी. विश्वजित म्हणाला होता, टाकीकडच्या विजेच्या खांबापाशी. तिनं खांब शोधला. रस्ता रुंद झाला होता, खांब सगळे नवे होते, कुठला खांब कुठं गेला कोण सांगणार. इतकी वर्षं ती घाबरत होती, की इथं पाय ठेवला की जमीन आपल्याला सांगेल, ही बघ, इथं. जमीन काही सांगत नव्हती. दळणाचा डबा घेतलेली मघाची बाई कदाचित नेमक्या त्याच जागेवरून चालत गेली असेल. गाड्या जात होत्या त्याही तिथूनच जात असतील. या नुसत्या चालू राहिलेल्या चौकानं तिला असं काही हबकवलं, की तिथं रक्त दिसलं असतं तरी एवढं हबकायला झालं नसतं.

रिंगरोडची एक बस येऊन थांबली. पुन्हा तीच हाक, आता दुसऱ्या आवाजात. “प्रसेनजीत! कोण हाय का प्रसेनजीत?”

“हाय! हाय की!” आतून एक बाईमाणूस ओरडलं. “थांबीव बाबा, उतरतो.”

आवाज तिनं आधी ओळखला. मग पायरीवर आलेलं जीर्ण चपलेतलं पाऊल ओळखलं, मग पांढरं नेसूं, मग हातातली कापडी पिशवी. कंडक्टरनं दंडाला धरून मीनाबाईला खाली उतरवलं. “सावकाश मावशी.” मीनाबाई उतरली, गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली आणि वाट पायाखालची असल्यासारखी सरळ गाड्याकडे आली.

“आला काय मावशी! आज उशीर केलासा,” केरबा म्हणाला आणि न सांगता त्यानं कप विसळला.

मग मीनाबाईची नजर बाकावर गेली.

 मीनाबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते अक्षतानं आजवर तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लहान पोराला चोरून गूळ खाताना धरावं, तशी ती उभी राहिली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“तू हितं?”

“तुम्ही इथं कशा आत्ती?” अक्षता म्हणाली. “गुडघे… तुम्हाला तर बसवत नाही…”

“सरक आदी,” मीनाबाई म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. केरबानं कप आणून दिला, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि काय समजला कोण जाणे, कढईकडे वळला. मीनाबाईनं चहा बशीत ओतला, पण प्याली नाही.

“कधीपासून येताय?”

“लई दिस झालं. बोर्ड लागला, त्येच्या म्होरल्या उन्हाळ्यापास्नं.”

“आणि मला सांगता विहारात जातो म्हणून.”

“विहारातबी जातो की. तितनं हिकडं येतो. खोटं न्हाय सांगत.”

“करता काय पण इथं येऊन?” ती जवळजवळ ओरडलीच. “काय आहे इथं? ह्या… ह्या कोंबड्या?”

मीनाबाईनं बशी खाली ठेवली. ती रस्त्याकडे पाहत बोलत होती, सुनेकडे नाही. “काय न्हाय करत. बसतो. बस आली की त्यो वरडतोय. कोन फोनवर बोलतंय, प्रसेनजीतला ये, प्रसेनजीतला उबा हाय. हे पोरगं येतंय, त्येचं सवंगडी येत्यात. दिसभर घेत्यात गं त्येचं नाव. मोकळ्या तोंडानं घेत्यात. आन् बसमदी तर मलाच इचारत्यात, प्रसेनजीत हाय का. मी म्हणतो, हाय.” ती थांबली. “आपल्या घरात कोन घेतंय?”

अक्षताला मोरी आठवली, मोरीचा गार दगड, दारातला तांब्या. तिला वाटत होतं, त्या दिवशी सासूनं तिला समजून घेतलं. त्या दिवशी सासूनं आपल्या पोराचं नाव गिळलं होतं, आणि मग ते तोंडात घ्यायला ती एवढ्या गुडघ्यांनी दोन बस बदलून इथवर येत होती. एकाच घरात, एका भिंतीला पाठ लावून झोपून, हे अक्षताला कळलं नव्हतं.  रडू येत नव्हतं. कुणी छातीवर हात ठेवून मागं ढकलावं आणि मागं भिंतच नसावी, तसं तिला झालं होतं.

“इथल्या लोकांना सांगितलं नाहीत?” शेवटी तिनं हळूच विचारलं. “तुम्ही आई म्हणून?”

“खुळी हैस काय?” मीनाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “सांगितलं की संपलं. मग बिचारी म्हणत्यात. मग माझ्याम्होरं हळू बोलत्यात. नाव तोंडाशी आलं की गिळत्यात.” आणि मग, राग नसलेल्या आवाजात, “तुज्यासारकं.”

बस निघून गेली होती. मघाचा पोरगा आपल्या मित्राबरोबर मोटरसायकलवर बसून गेला. ट्रॅफिकचा पोलीस टाकीच्या सावलीत जाऊन पाणी पीत होता. मीनाबाईनं गार झालेला चहा पिऊन टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ मनात धरून ठेवलेलं विचारावं तसं विचारलं,

“एक इचारू?”

“विचारा की.”

“त्या दिशी सकाळी काय खाऊन गेलता त्यो?”

इतक्या वर्षांत मीनाबाईनं काही विचारलं नव्हतं. तेव्हा ती नेसरीत होती. तिला आणलं ते रात्री, धरून, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस लाईनीच्या मैदानात सगळं झालं तेव्हा ती आतल्या खोलीत बेशुद्ध होती. बायका तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. आणि आपण सगळं पाहिलं, म्हणून सगळं दुःख आपलं, असं अक्षता धरून चालली होती.

“भाकरी,” ती म्हणाली. “आणि आदल्या दिवशीचं वांगं. उभ्यानंच खाल्लं.”

“उभ्यानंच,” मीनाबाई म्हणाली. “ल्हानपणापास्नं त्येच. बस म्हटलं तर बसायचा न्हाय. म्होरं?”

“पुढं काय. बुटाची लेस तुटली होती, ती गाठ मारून घातली. पिशवी घेतली. निघाले.”

“निगताना काय म्हणाला?”

हेच सगळ्यांनी विचारलं होतं. पेपरवाल्यांनी विचारलं, टीव्हीवाल्यांनी माइक पुढं धरून विचारलं, पाटीच्या कार्यक्रमात भाषण करणाऱ्यानं आधी बाजूला बोलावून विचारलं. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना छापता येईल असं एखादं वाक्य हवं होतं, आणि तिच्याजवळ तसं नव्हतं. जे होतं ते इतकं साधं होतं, की ते कुणी ऐकलं तर तो लहान होईल असं तिला वाटायचं.

तिनं ओठ ओले केले. “प्रसेनजीत म्हणाले,” ती म्हणाली, आणि ते नाव तोंडातून गेल्यावर क्षणभर थांबली. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. “प्रसेनजीत म्हणाले, गॅसचा नंबर लाव.”

मीनाबाई तिच्याकडे पाहत राहिली. 

“लावलास?”

“लावला की. ते जिना उतरेस्तोवर फोन लावला.”

“मग? आला?”

“दुसऱ्या दिवशी आला.” आता ती थांबू शकत नव्हती. “मैदानात तेव्हा मानवंदना चालली होती. मी पुढं उभी होते, दोन्हीकडनं बायका धरून. सगळे साहेब होते, बंदुका होत्या, फुलं होती. मला त्यातलं काहीसुद्धा दिसत नव्हतं आत्ती. गर्दीच्या मागं फाटकातनं गॅसवाला आत आला, खांद्यावर आमचा सिलिंडर घेऊन. बघितलं त्यानं. सगळे गप उभे, म्हणून तोही उभा राहिला. मला वाटलं आता खाली ठेवील, मग ठेवील. ठेवलाच नाही. आवाज होईल म्हणून असंल. बिगूल वाजलं, फैरी झाल्या, सगळं संपलं, तोवर तो तसाच, खांद्यावर घेऊन. मान वाकडी, तोंड लालबुंद. मी त्याच्याकडंच बघत होते. शेवटपर्यंत.”

 चौकातून गाड्या जात होत्या. मग मीनाबाईनं अक्षताचा हात पर्सखालून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि दाबून धरला.

“भरल्याल्या सिलिंडरला लई वजन असतंय गं,” ती म्हणाली.